स्टार्च-पीव्हीए फिल्म पारदर्शक आहे, मग ब्लेंड एकजीव झालं असं म्हणावं का?

काचपट्टी

मक्याचा स्टार्च आणि पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारं कृत्रिम पॉलिमर) ५०:५०, दर १०० ग्रॅम पॉलिमरमागे ३० ग्रॅम ग्लिसरॉल, पाण्यात शिजवून प्लेटवर ओतलेली आणि वाळवलेली फिल्म. दिसायला एकदम स्वच्छ, मागचं अक्षर आरपार वाचता येतं. डीएससीच्या (नमुना तापवत त्याने घेतलेली ऊष्मा मोजायची चाचणी) दुसऱ्या हीटिंगमध्ये ६५ °से. च्या आसपास एकच पायरी, म्हणजे एकच टीजी (काचेसारखं कडक पॉलिमर मऊ व्हायला लागतं ते तापमान). एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) ३३०० चा ओएच पीक थोडा सरकलेला. पुस्तकी हिशोबाने तिन्ही गोष्टी 'मिसिबल' (रेणूपातळीवर एकजीव) कडे बोट दाखवतात. पण टेन्साइलला (ओढून तोडायच्या चाचणीत) एकाच फिल्मच्या पट्ट्या १२ पासून २१ मेगापास्कलपर्यंत कुठेही तुटतात.

प्रश्न असे:
१) पारदर्शकता + एक टीजी + सरकलेला पीक, एवढ्यावर एकजीव म्हणता येतं का?
२) नैसर्गिक-कृत्रिम ब्लेंडचे भौतिक गुणधर्म मोजताना कुठल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा?

ओलावा

दुसऱ्याचं उत्तर आधी. आर्द्रता न सांगता दिलेल्या कुठल्याच आकड्यावर नाही. तुमच्या ब्लेंडमध्ये तीन नव्हे, चार घटक आहेत. चौथा पाणी, आणि त्याचं प्रमाण हवेनुसार रोज बदलतं.

वाचनमात्र

आयडी सार्थ केलात :)

भौतिकभट

पहिल्या प्रश्नातले तिन्ही पुरावे एकेक करून बघू.

पारदर्शकता. प्रकाश विखुरण्यासाठी दोन गोष्टी लागतात: प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तोडीचे कण, आणि दोन फेजच्या (वेगळ्या पडलेल्या भागांच्या) अपवर्तनांकात फरक. स्टार्च आणि पीव्हीए दोघांचाही अपवर्तनांक १.५ च्या जरा वर. फरकच नगण्य, त्यामुळे मायक्रॉनभर आकाराचे वेगळे डोमेन असले तरी फिल्म स्वच्छ दिसू शकते. फिल्म दुधाळ असेल तर काहीतरी वेगळं पडलंय हे नक्की (किंवा बुडबुडे आहेत). स्वच्छ असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

एकच टीजी. कोरड्या स्टार्चचा टीजी अंदाजे २२७ °से. (५०० के.) धरतात. अंदाजे अशासाठी, की तिथे पोचेपर्यंत स्टार्च जळायच्या वाटेला लागतो. तुमची रन १५०-१८० ला थांबत असेल, तर स्टार्चची पायरी दिसणारच नव्हती. दोन खिडक्यांपैकी एकीतूनच बघायचं आणि घरात एकच माणूस आहे म्हणायचं, असं झालं ते.

मिश्रणाच्या टीजीचा अंदाज देणारं फॉक्सचं समीकरण लावून बघा: १/टीजी = प्रत्येक घटकाचा वजनी अंश भागिले त्याचा टीजी, यांची बेरीज, सगळं केल्व्हिनमध्ये. पीव्हीए ३५३, स्टार्च ५००, ग्लिसरॉल १९०. १०० ला ३० म्हणजे फिल्ममध्ये ग्लिसरॉल २३ टक्के. सगळं एकजीव असेल तर ५२-५३ °से. येतो. पीव्हीए वेगळा पडलाय आणि त्याच्यातही तेवढंच २३ टक्के ग्लिसरॉल आहे असं धरलं तर २२ °से. तुमचे ६५ दोन्हींत बसत नाहीत. ग्लिसरॉल स्टार्चकडे जास्त गेलं असेल आणि पीव्हीएच्या वाट्याला कमी आलं असेल, तर वेगळा पडलेला पीव्हीएही ६५ दाखवेल. शिवाय हायड्रोजन बंध भरपूर असले की फॉक्स चुकतो, मग क्वेईचं समीकरण वापरतात, ज्यात एक जादा पद असतं आणि ते नेमकं तुमच्या डेटावरूनच बसवायचं असतं. थोडक्यात, एकट्या डीएससीने हा खटला निकाली निघणार नाही.

डेसिकेटर

+१. आणि दुसऱ्या हीटिंगची गंमत लक्षात घ्या. पहिल्या हीटिंगमध्ये ६० ते १३० च्या दरम्यान जो रुंद खड्डा दिसतो तो पाणी उडण्याचा. (तो 'मेल्टिंग पीक' म्हणून छापलेलाही सापडतो.) झाकणाला भोक असेल तर दुसऱ्या हीटिंगला पाणी गेलेलं असतं, आणि १८० च्या वर नेलं असेल तर थोडं ग्लिसरॉलही. म्हणजे डीएससी कोरड्या नमुन्यावर, टेन्साइल ओल्या नमुन्यावर, आणि निष्कर्षात दोघांचं लग्न.

पाण्याचा परिणाम किती, तर तेच समीकरण फक्त पीव्हीए आणि पाण्याला लावा (पाण्याचा टीजी १३६ के.):
कोरडा पीव्हीए: ८० °से.
५ टक्के पाणी: ५४ °से.
१० टक्के पाणी: ३१ °से.

खोलीचं तापमान ३० असेल तर शेवटचा नमुना काचावस्थेच्या काठावर बसलाय. एक-दोन टक्के पाणी इकडेतिकडे झालं की फिल्म ठिसूळ किंवा रबरी. पट्ट्या कुठेही तुटतात त्याचं अर्धं कारण इथे आहे.

गुपचूप_गंधक

मग सरळ १०५ ला कोरड्या करून टेस्ट करा की. पाण्याचा प्रश्नच मिटला.

डेसिकेटर

@गुपचूप_गंधक, नाही मिटत. ०.१ मिमीची कोरडी फिल्म ओव्हनमधून काढून जबड्यात बसवेपर्यंत पाणी ओढायला लागते, आणि सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने ओढते. म्हणजे पहिली पट्टी कोरडी, पाचवी ओलसर. वर १०५ ला पीव्हीएचं स्फटिकीकरण वाढतं, स्टार्च ताणला जाऊन सूक्ष्म तडे पडतात. मोजता ती फिल्म मूळची राहतच नाही.

त्यापेक्षा ठरावीक आर्द्रतेला समतोलात आणा. बंद डब्यात तळाशी संपृक्त क्षारद्रावण, वर जाळीवर पट्ट्या. २५ °से. ला मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के, मॅग्नेशियम नायट्रेट ५३ टक्के, साधं मीठ ७५ टक्के. द्रावणात न विरघळलेला क्षार डोळ्याला दिसलाच पाहिजे. सगळा विरघळला असेल तर ते संपृक्त नाही आणि आर्द्रता वर सरकते. ४८ तास ही रूढ मुदत, पण घड्याळापेक्षा तराजूवर विश्वास ठेवा: एक साक्षी तुकडा रोज वजन करा, वजन थांबलं की समतोल. ७५ टक्क्यांच्या डब्यात बुरशीही येते, तेव्हा तिथे आठवडा काढू नका.

गुपचूप_गंधक

डब्यातून काढल्यावर मशीनवर परत तोच प्रकार नाही का होणार?

डेसिकेटर

होणार, पण फरक ५३ वरून खोलीच्या ६० पर्यंतचा, शून्यावरून ६० चा नव्हे. एकेक पट्टी झिप पिशवीत नेऊन दोन मिनिटांत ओढली की पुरतं.

काचपट्टी

फिल्म ओतायची पद्धत तपासून मिळेल का? कारण जाडीही सारखी येत नाहीये. मध्ये ०.०८, कडेला ०.१२.

ओलावा

मग उरलेलं अर्धं कारण तुम्हीच सांगितलंत. ताण म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. जाडीत १० टक्के चूक म्हणजे ताणशक्तीत थेट १० टक्के चूक.

पद्धत:

पीव्हीए. ९८-९९ टक्के हायड्रोलाइज्ड ग्रेड असेल तर थंड पाण्यात, ढवळत ढवळत, भुरभुरवत टाका. गरम पाण्यात टाकलात की वरून गोळे बनतात, आत कोरडी पूड अडकते आणि तासभर ढवळूनही सुटत नाही. ओलं झालं की ९०-९५ °से. पर्यंत चढवा, झाकण ठेवून ४५ मिनिटं ते तास. ८८ टक्क्यांचा ग्रेड कमी तापमानाला विरघळतो पण फेस फार करतो.

स्टार्च. वेगळ्या भांड्यात ५ टक्के, थंड पाण्यात कालवून मग तापवा. मक्याचा स्टार्च ६२-७२ च्या दरम्यान फुगतो, म्हणून लोक ७५ ला थांबतात. तिथे दाणा फुगलेला असतो, फुटलेला नसतो. ९५ ला अर्धा तास चांगलं ढवळून ठेवा. एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये फुली दिसली तर कच्चा आहे. फुली गेली तरी दाण्यांची रिकामी टरफलं उरतात, ती आयोडीनच्या पातळ द्रावणाने दिसतात. अशी टरफलं फिल्ममध्ये राहिली की पट्टी तिथूनच फाटते.

दोन्ही गरम असतानाच मिसळा, ग्लिसरॉल घाला, ८० ला अर्धा तास. मग व्हॅक्यूममध्ये किंवा ६० ला स्थिर ठेवून बुडबुडे काढा. पण तासन् तास ठेवू नका, मिश्रण उभ्या उभ्या वेगळं व्हायला लागतं.

ओतताना आकारमान नाही, वजन मोजा. ९ सेंमीच्या डिशचं क्षेत्रफळ ६३.६ चौ. सेंमी. ०.१ मिमी फिल्म हवी तर ०.६४ घन सेंमी, घनता सुमारे १.३, म्हणजे ०.८३ ग्रॅम घन भाग. ग्लिसरॉल धरून ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर साधारण १६.५ ग्रॅम ओता.

डिशखालचा पृष्ठभाग पाणसळ लावून समतल करा. तुमच्या ०.०८/०.१२ चं कारण दोनांपैकी एक: एकाच बाजूची कड जाड असेल तर ओव्हनची जाळी तिरकी, चारी बाजूंनी जाड असेल तर द्रावण काठावर चढतंय. दुसऱ्यासाठी कडेचा एक सेंमी कापून टाकणे हाच उपाय. ४० °से., पंखा बंद किंवा अगदी मंद. ६० ला वाळवलं की वर साय धरते आणि खालचं पाणी बुडबुडे करून बाहेर पडतं. शुद्ध पीव्हीए काचेला चिकटून बसतो, म्हणून अ‍ॅक्रिलिक किंवा टेफ्लॉनचा पृष्ठभाग बरा.

वाचनमात्र

वाखु (वाचनखूण) साठवली. धागा आवडत्या दहात.

कायटोबा

स्टार्चच्या जागी कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासूनचं नैसर्गिक पॉलिमर) असेल तर एक वेगळाच खड्डा आहे. कायटोसान १ टक्का असेटिक आम्लात २ टक्के विरघळवतात, पीव्हीएत मिसळतात, ओततात, वाळवतात. पीव्हीएवर भार नसल्याने तिथे गुठळी होत नाही (अल्जिनेट किंवा सीएमसी यांसारखं ऋणभारित पॉलिमर असतं तर विरुद्ध भारामुळे मिसळताक्षणी चोथा झाला असता). पण वाळलेल्या फिल्ममध्ये कायटोसान नसतं, कायटोसान असेटेट असतं, आणि ते पाण्यात परत विरघळतं. फुगण्याच्या चाचणीत फिल्म विरघळली की दोष पीव्हीएला दिला जातो.

फिल्म १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून, पाणी उदासीन होईपर्यंत धुतली तर कायटोसानचा भाग मोकळा होतो, फिल्म कडक होते, फुगणं कमी होतं. मात्र या धुण्यात ग्लिसरॉल निघून जातं. म्हणजे उदासीन केलेली आणि न केलेली फिल्म तुलनेला घेताना प्लास्टिसायझरही बदललेलं असतं. हे पेपरमध्ये शोधलं तर बहुधा सापडत नाही.

सूत_आणि_गुंता

कॉटन-पॉलिस्टर कापड हेही नैसर्गिक-कृत्रिम ब्लेंडच ना? त्याचं काय?

भौतिकभट

तिथे तंतू तंतूशेजारी असतो, रेणू रेणूशेजारी नाही. त्यामुळे काही गुणधर्म सरळ बेरजेने येतात. प्रमाणित हवेत कॉटनचं मॉइश्चर रिगेन (कोरड्या वजनाच्या तुलनेत धरलेलं पाणी) ८.५ टक्के, पॉलिस्टरचं ०.४. ६५:३५ पॉलिस्टर-कॉटनला ०.६५ × ०.४ + ०.३५ × ८.५ = ३.२ टक्के. आणि वेगळंही करता येतं: ५० °से. ला ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात कॉटन विरघळतं, पॉलिस्टर उरतं, वजन करा. स्टार्च-पीव्हीएला असा सुटसुटीत मार्ग नाही.

सूत_आणि_गुंता

शक्ती मात्र बेरजेने येत नाही! कॉटन साधारण ७ टक्के लांबणीला तुटतं, पॉलिस्टर त्याच्या दुपटीहून पुढे. सूत ओढलं की आधी कॉटन तुटतं आणि सगळा भार पॉलिस्टरवर. म्हणून कॉटनमध्ये थोडं पॉलिस्टर घातलं की सूत शुद्ध कॉटनपेक्षा कमजोरही होऊ शकतं, आणि प्रमाण बरंच वाढवल्यावरच शक्ती चढते. आलेखात मधोमध खड्डा. हे फिल्मलाही लागू नाही का?

एक्स्ट्रूडर_अण्णा

लागू आहे, जिथे दोन फेजमध्ये पकड नाही तिथे. पॉलिथिनमध्ये कोरडा स्टार्चचा दाणा तसाच घातला तर निकोलाइस-नार्किसचं सूत्र बरंच जवळ जातं: शक्ती = मूळ शक्ती × (१ − १.२१ × आकारमान अंशाचा २/३ घात). २० टक्के आकारमानाला मूळच्या ५९ टक्के शक्ती उरते. आणि आकारमान व वजन यांची गल्लत करू नका. स्टार्चची घनता १.५, एलडीपीईची (साध्या पॉलिथिनची) ०.९२, त्यामुळे २० टक्के आकारमान म्हणजे २९ टक्के वजन. मोड्युलस (ताठपणा) मात्र वाढतो, कारण त्याला पकड फारशी लागत नाही. 'मोड्युलस वाढला म्हणजे सुसंगतता सुधारली' हा निष्कर्ष त्यामुळे पोकळ.

पकड आणायला मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पॉलिथिन थोडं घालतात, ते स्टार्चच्या ओएचशी जोडलं जातं. पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल) आणि थर्मोप्लास्टिक स्टार्चमध्ये अडचण उलटी आहे. पीएलए एक्स्ट्रूजनपूर्वी २५० पीपीएमखाली कोरडं लागतं, आणि स्टार्च स्वतः पाणी-ग्लिसरॉल घेऊन येतो. बॅरलमध्ये पीएलएच्या साखळ्या तुटतात, मग ब्लेंड ठिसूळ झालं की 'सुसंगतता नाही' म्हणतात. एकटं पीएलए त्याच स्क्रूतून, त्याच तापमानाला काढून त्याचा रेणुभार मोजल्याशिवाय हे वेगळं काढता येत नाही.

रबरबुवा

तुम्ही सगळे एकजीवपणाच्या मागे का लागलाय ते कळत नाही. नैसर्गिक रबर आणि एसबीआर (कृत्रिम रबर) यांचे दोन टीजी सरळ वेगळे दिसतात, एक −७० च्या आसपास, दुसरा −५० च्या. तरी टायरमध्ये पिढ्यान्पिढ्या चालतं. नैसर्गिक रबरात ईपीडीएम (आणखी एक कृत्रिम रबर) घालतात ते ओझोनसाठी, आणि तिथे वेगळा डोमेन असणं हेच कामाचं, कारण तडा त्या डोमेनला अडतो.

तिथली खरी बिघाडाची जागा क्युअरिंग (रबर गंधकाने पकवणं). ईपीडीएममध्ये दुहेरी बंध मोजकेच, नैसर्गिक रबरात भरपूर. गंधक आणि अ‍ॅक्सिलरेटर नैसर्गिक रबराकडे पळतात, तो भाग आधी पकतो, ईपीडीएम कच्चा राहतो. हार्डनेस ठीक येतो, कॉम्प्रेशन सेट (दाब काढल्यावर उरणारा चपटेपणा) बिघडतो. कार्बन ब्लॅकही दोन्हींत सारखा वाटला जात नाही. तेव्हा 'मिसिबल का?' यापेक्षा 'कुठला घटक कुठल्या फेजमध्ये बसलाय?' हा प्रश्न जास्त कामाचा.

ओलावा

रबरबुवा लाख बोललात. स्टार्च-पीव्हीएतही तोच प्रश्न, फक्त गंधकाऐवजी ग्लिसरॉल आणि पाणी.

आणि त्यातली मेख: ग्लिसरॉल १०-१२ टक्क्यांच्या आत असेल तर स्टार्च मऊ होण्याऐवजी जास्त ठिसूळ होतो. बरंच वाढवलं तर ग्लिसरॉलने भरलेला वेगळा भाग तयार होतो आणि डीएमएमध्ये (तापमान बदलत नमुना हलवून त्याचा मऊपणा मोजायची चाचणी) शून्याच्या बऱ्याच खाली एक जादा शिखर येतं. त्याला पीव्हीए-स्टार्च वेगळे पडल्याचा पुरावा म्हणू नका. तेच शिखर नुसत्या स्टार्च-ग्लिसरॉल फिल्ममध्येही दिसेल, ती कंट्रोल म्हणून घ्याच.

गुपचूप_गंधक

एफटीआयआर राहिलं. ओएच पीक सरकला हा हायड्रोजन बंधाचा थेट पुरावा आहे, तो तरी मान्य करा.

भौतिकभट

अर्धा मान्य. त्याच पट्ट्यात पाणी आहे, ग्लिसरॉल आहे, दोन्ही पॉलिमरचे आपापले ओएच आहेत. ३२८० आणि ३३२० चे दोन रुंद पीक नुसते एकत्र केले तरी मधला आकडा मिळतो. त्यासाठी कुठलाच नवा बंध लागत नाही. शुद्ध फिल्मचे स्पेक्ट्रम त्याच आर्द्रतेला घ्या, प्रमाणात बेरीज करा, ब्लेंडच्या स्पेक्ट्रमवर ठेवा. बेरजेबाहेर जे उरेल तेवढंच तुमचं.

स्फटिकतेचंही तसंच. १०० टक्के स्फटिक पीव्हीएची वितळण-ऊष्मा १३८.६ जूल/ग्रॅम धरतात. समजा ब्लेंडच्या पीकखाली २५ जूल/ग्रॅम आले. २५/१३८.६ = १८ टक्के, म्हणजे स्टार्चने स्फटिकता पार घटवली असं वाटतं. पण नमुन्यात पीव्हीए ३८.५ टक्केच आहे. त्याने भागल्यावर ४७ टक्के येतात, आणि 'घटवली' हा निष्कर्ष गळून पडतो. एवढ्या एका भागाकारावर पेपर उभे आहेत.

वाचनमात्र

आणि पेपरवर लोक उभे आहेत. हळू बोला.

कायटोबा

सिट्रिक आम्लाने क्रॉसलिंक केलं तर पाण्याचा त्रास कमी होईल का? कोणी सुचवण्याआधी मीच सांगतो: ४० ला वाळवून होत नाही. एस्टर बनायला १०५ च्या वर तापवावं लागतं. तोवर सिट्रिक आम्ल निव्वळ प्लास्टिसायझर, आणि वर स्टार्चच्या साखळ्या तोडणारं. फिल्म पाण्यात ठेवून पाण्याचा पीएच बघा, घसरला तर आम्ल मोकळंच आहे. बोरॅक्स पीव्हीएशी क्षणात जेल करतं, त्यामुळे ते ओतायच्या द्रावणात घातलं की भांड्यातच दही.

काचपट्टी

खूप आभार सगळ्यांचे. आता मूळ प्रश्नासाठी असा बेत आहे: शुद्ध पीव्हीए, शुद्ध स्टार्च आणि ७५:२५, ५०:५०, २५:७५, पाचही फिल्म त्याच ग्लिसरॉलने. ५३ टक्के आर्द्रतेला वजन थांबेपर्यंत. १० मिमी रुंद पट्ट्या, जबड्यांत ५० मिमी, जाडी पाच जागी. द्रव नायट्रोजनमध्ये मोडून एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक). काही सुटतंय?

डेसिकेटर

दोन गोष्टी. पट्ट्या कात्रीने नको, दर काही कापांनंतर नवं पातं. कडेची खाच लांबणीचा आकडा निम्म्यावर आणते. जबड्यात तुटलेल्या पट्ट्या बाद, आणि मध्ये तुटलेल्या किमान पाच मिळेपर्यंत ओढा.

दुसरं, फिल्मचं वय नोंदवा. स्टार्च पुन्हा स्फटिक होत जातो, एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) १७ अंशांच्या आसपास शिखर उगवतं (पीव्हीएचं १९.५ जवळ असतं, दोन्ही चिकटतात, जपून). आठवड्याची ५०:५० आणि महिन्याची २५:७५ यांची तुलना म्हणजे प्रमाणाची नव्हे, वयाची तुलना.

भौतिकभट

एसईएमला आणखी एक. तुटलेला पृष्ठभाग गुळगुळीत दिसला म्हणून एकजीव असं नाही, तडा दोन्ही फेजमधून सरळ गेला असेल. एक तुकडा अल्फा-अमायलेजच्या द्रावणात ठेवून, धुऊन, वाळवून परत बघा. स्टार्च वेगळा साठला असेल तर भोकं दिसतील. कंट्रोल म्हणून दुसरा तुकडा तेवढाच वेळ एन्झाइमविना त्याच बफरमध्ये, कारण थोडा स्टार्च नुसत्या पाण्यातही जातो. आयोडीनने रंगवून ओळखायच्या फंदात पडू नका, पीव्हीएही रंग घेतो, बोरिक आम्ल असेल तर चांगलाच.

आणि फिल्मच्या दोन्ही बाजू बघा. प्लेटकडची आणि हवेकडची. वाळताना वेगळं पडलं असेल तर पाण्याच्या थेंबाचा कोन दोन बाजूंना वेगळा येतो. पाच मिनिटांची चाचणी, मी तर आधी हीच करेन.

रबरबुवा

अन् घडी घालून खूण करून ठेवा कुठली बाजू कुठली. सोलल्यावर कळत नाही.

एक्स्ट्रूडर_अण्णा

बेतात '३० टक्के ग्लिसरॉल' असं लिहू नका. १०० ग्रॅम पॉलिमरला ३० की १०० ग्रॅम फिल्ममध्ये ३०? पहिलं म्हणजे २३ टक्के, दुसरं म्हणजे १०० ला ४३. आणि स्टार्च तोलताना त्यातलं १०-१२ टक्के पाणी वजा केलंय का?

काचपट्टी

ग्लिसरॉल १०० ला ३०. स्टार्चचं पाणी वजा केलेलं नाही. म्हणजे ५०:५० प्रत्यक्षात ४७:५३ च्या आसपास. आधी तेच दुरुस्त करतो, मग दोन्ही बाजूंचा कोन.